हार घातलेली लाट

गुढियारी, रायपूर
६ जानेवारी २०२५

चि. सौ. मीनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी सर्दी गेली का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून गावातल्या गावात पत्र टाकायची वेळ आली.

परवा तुझा नव्याने सजवलेला हॉल पाहिला. जपानी ठशांच्या चित्रांच्या प्रिंट छान आहेत, छत्रीवाली बाई तर मला फार आवडली. पण बाबांच्या फोटोच्या जागी त्यांतलीच ती निळी लाट कशी? आणि तीही बाबांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या सागवानी फ्रेममध्ये! तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी माळा धुंडाळला. बाबा कूलरमागे होते, गुंडाळी करून ठेवलेले. माझं डोकंच फिरलं.

त्यावर कडी केली आमच्या शिशिरने. ऑफिसला निघताना सवयीने फ्रेमला हात जोडले आणि गेला. माझा सख्खा भाऊ दिवाळीपासून लाटेच्या पाया पडतोय आणि त्याला पत्ता नाही!

हे मी विसरणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येतेच आहे. तिळगूळ आणेन, गोड बोलेन. लोभ आहे, तोवर सांभाळून घे.

तुझी नणंद,
वनमाला

चौबे कॉलोनी, रायपूर
१९ जानेवारी

ती. वनमालाताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही खरंच गोड बोललात, म्हणून मी गाफील राहिले. मी वाण आणायला आत गेले तेवढ्यात तुम्ही पर्समधला चंदनाचा हार लाटेला घातलात, निरांजन लावलंत आणि डोळे मिटून हात जोडलेत. मग काय, येणारी प्रत्येक बाई आधी लाटेला नमस्कार करू लागली. तिवारी भाभींनी हळूच विचारलं की घरातलं कोण बुडालं. शोभेचं चित्र म्हणाले असते, तर सासऱ्यांचा फोटो कुठे हे निघालंच असतं. मी म्हटलं, लांबचे काका. ताई, बायका रडल्या हो! आता सगळी कॉलोनी माझं सांत्वन करून राहिली आहे.

संध्याकाळी ह्यांनी हार पाहिला आणि मग चित्र पाहिलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. फोटो माळ्यावर नाही. माझं चुकलं. तुमच्याकडे असेल तर पाठवा, त्याच दिवशी लावते. राग सोडावा, पूर्वीसारखी माया असू द्यावी.

आपली,
मीनल

गुढियारी
२४ जानेवारी

चि. सौ. मीनल हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून फार बरं वाटलं. खोटं काहून बोलू, दोनदा वाचलं.

बाबा माझ्याकडेच आहेत. माळा धुंडाळला त्याच दिवशी पिशवीत घालून आणले. आता साध्या फ्रेममध्ये, मफलर गुंडाळून, माझ्या पुढच्या खोलीत बसले आहेत. ज्या घराने त्यांना माळ्यावर टाकलं, तिथे मी त्यांना परत पाठवणार नाही.

हार मात्र काढू नकोस, कॉलोनी विचारेल. बुडालेल्या काकांचं वर्षश्राद्धही घालावं लागेल. मी स्वयंपाकाला येईन. तिवारी भाभींना विसरू नकोस.

शिशिरला सांग, बाबांना भेटायचं असेल तर गुढियारी लांब नाही. फक्त हात जोडायच्या आधी नीट बघ म्हणावं.

उरलेला तिळगूळ पाठवते आहे. लोभ तुझ्याकडूनही वाढू दे.

तुझीच,
वनमाला