स्टोव्हवर लाल झालेल्या तलवारी

बाबा, परवा फोर्टमध्ये जुन्या हत्यारांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे एकटीच गेले. घोडदळाची एक तलवार होती, एकोणिसाव्या शतकातली, अगदी तुमच्याकडे होती तशी. किंचित वाकलेलं पातं, लोखंडी म्यानाला दोन कड्या. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, हातात घेऊन बघा ना." मी आधी हात पदराला पुसला. लहानपणी पात्याला बोट लावलं तेव्हा तुम्ही केवढ्याने ओरडला होतात, "घामाचा हात नको, गंज चढतो!"

लालबागच्या आपल्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नव्हती आणि तुम्ही तीन तलवारी जमवल्या होत्या. गिरणीतले फिटर तुम्ही, घोड्यावर जन्मात कधी बसला नव्हतात. सुट्टीला चोरबाजारात जायचात, तिथले चाचा तुमच्यासाठी एखादी गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवायचे. घरी तेलाचा बोळा फिरवताना म्हणायचात, "मुठीचं चामडं बघ कसं झिजलंय. कोण स्वार असेल गं हा?" आई कुरकुरायची, पण तेलाची वाटी तीच पुढे करायची.

मग दंगल पेटली. भरदुपारी गल्लीतली माणसं दारात उभी, पुढे तुमचा लहानपणापासूनचा मित्र. "तलवारी काढ. आज नाय तर कधी?" तुम्ही म्हणालात, "मी देणार नाय. ज्याने शोधून दिल्या, त्याच्याच अंगावर घालू?" "संध्याकाळी येतो. तेव्हा विचारणार नाय," म्हणून ते गेले. तुम्ही दार लावलंत, स्टोव्ह पेटवलात आणि एकेक पातं लाल होईपर्यंत आचेवर धरलंत. पोलाद नरमलं तशी करवत चालवलीत. दुसरं टोक आईने फडक्यात धरलं होतं. खोलीभर जळक्या तेलाचा वास. संध्याकाळी ते आले तेव्हा तुम्ही तुकडे उंबऱ्यावर ठेवलेत. मित्र थुंकला. पुढे तो तुमच्याशी कधी बोललाच नाही. सगळं निवल्यावर तुम्ही चाचांना शोधायला गेलात, तर दुकानाचा कोळसा झालेला. चाचा कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर तुम्ही एकही तलवार घेतली नाहीत.

हे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून सांगते. त्या दुपारी शेवटचा तुकडा पडल्यावर तुम्ही मोरीत गेलात आणि पडदा ओढलात. आई म्हणाली, "जाऊ नको आत, तोंड धुतायत." मी बरं म्हटलं. दुपारी आपल्या नळाला पाणी नसायचं, बाबा. ते मला तेव्हाही माहीत होतं.