ओळखीची चिठ्ठी

येरवडा, पुणे
१४ मार्च २००७

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

दर बुधवारी सकाळी सातला आमच्या व्यावसायिकांच्या क्लबची हॉटेलात बैठक असते. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभरात सांगायचं, आपल्याला कोणाशी ओळख हवी आहे. ज्याची ओळख असेल तो चिठ्ठीवर नंबर लिहून देतो. सहा वर्षांत मी अशा तीनशे चिठ्ठ्या दिल्या असतील. हिंजवडीत माझ्यामुळे किती जणांना काम मिळालं, विचार कोणालाही! घरी चहा मात्र एकटीच पिते.

आज माझी पाळी आली तेव्हा एका कंपनीचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. तोंडून तुझं नाव निघून गेलं.

टाइल्सवाले सुदर्शन लगेच म्हणाले, "अहो, प्रज्ञेशसर ना? वाघोलीत आमच्याच सोसायटीत राहतात. तुमचं काय काम त्यांच्याकडे?"

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातून मी क्लायंटचा फोन आला म्हणून उठून गेले, ती परत आलेच नाही. त्यानंतर तू घर बदललंस, नंबर बदललास आणि मला कळवलं नाहीस. चाळीस जणांसमोर हे कसं सांगणार? मी म्हणाले, "जुने क्लायंट आहेत."

"मग माझं नाव सांगा, लगेच बोलतील."

फ्लॅट नंबर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र वहीतच राहील. पण सुदर्शननी चिठ्ठीवर लिहून दिलेला तुझा फोन नंबर समोर आहे. दादा, फोन केला तर आधी कोणाचं नाव सांगू, त्यांचं की माझं?

तुझी धाकटी,
कल्याणी