हंसाबाईच्या गाईचं झालेलं डुक्कर

६ नोव्हेंबर २००६
डोकं फिरलं. आधीच कापसाला भाव नाही, त्यात पऱ्हाटीत रानडुकरं. म्हणून सरकारनं भाड्याचे शिकारी आणले. त्यांनी तांड्यावरच्या हंसाबाईची गाभण गाय पाडली आणि तिथंच पुरली. पंचनाम्यात काय? ‘रानडुक्कर, नर, एक.’ गाभण नर! शी! मोहिमेच्या साहेबानं तांड्यासमोर खरं बोलावं, एवढंच हंसाबाईचं मागणं. मी शब्द दिला. तहसीलमधून रिटायर झालो तरी सिस्टीम मला घाबरते.

७ नोव्हेंबर
यवतमाळची एसटी चुकली. बरंच झालं. रागात मुद्दे विसरतात.

१० नोव्हेंबर
साहेबाला झापायला गेलो. साहेब चक्क उठून उभे राहिले. मग झापणं बरं दिसत नाही. चहा, खारे काजू. खाताना किळस येत होती. दोनच मुठी खाल्ले.

१४ नोव्हेंबर
मोहिमेच्या दक्षता समितीवर मला घेतलं! घाबरले. बिल्ला मिळाला. बायको रत्नप्रभा म्हणे, “अन् गायीचं काय?” सिस्टीम आतून बदलावी लागते, हे घरात कोणाला समजवायचं?

२१ नोव्हेंबर
समितीची बैठक. गायीचा विषय काढणार, तेवढ्यात जेवण लागलं. नंतर अहवाल पुढे आला: ‘मोहीम समाधानकारक.’ निर्लज्ज लोक! सही केली, पण निषेध म्हणून नेहमीपेक्षा बारीक.

२७ नोव्हेंबर
हंसाबाई दारात. सांगितलं, मॅटर प्रोसेसमध्ये आहे. म्हणे, “गाय मरून गेली भाऊ, तिले आता कायची प्रोसेस?” अडाणीपणाचा वीट येतो. पुढच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटणार.

२ डिसेंबर
साहेबांचा तांड्यावर दौरा. मीही जीपमध्ये, बिल्ला लावून. रस्त्यात बायका बसलेल्या. हंसाबाईनं बॉनेटवर हात ठेवला. म्हणे, “डुक्कर कोणतं मारलं ते सांगा सायेब, मंग जा.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलणारच होतो, पण धुळीनं घसा बसला होता. बायका हलेनात. ऊन कललं तेव्हा साहेब खाली उतरले, हात जोडले, मोठ्यानं म्हणाले की गाय होती, आमच्याच गोळीनं मेली. हंसाबाई पदरात तोंड घालून रडली. मग काचेतून मला पाहून म्हणाली, “तुमी त्याइच्यात हाय का, भाऊ?”

तिच्या शेजारून उठून पदर झटकत होती ती रत्नप्रभा.

घरी आलो. चूल थंड. म्हणे, समितीत जेवून या.