‘नंतर बघू’चा रकाना

ती. बाबा,

नमस्कार. हात जोडलेत, पण आज ते कुणावर तरी उगारावेसे वाटतायत.

मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर. संताप आहे तो ऑफिसच्या बोर्डाचा. कॉम्प्युटरवरच्या या बोर्डावर प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं, त्यावर ते करणाऱ्याचा फोटो. काम सरकेल तसं कार्ड ‘करायचं’च्या रकान्यातून ‘चालू’त, मग ‘झालं’मध्ये ओढायचं. रजासुद्धा कार्डावरच मागायची! मी लिहिलं, ‘बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन, गुरुवारी’. साहेबांनी ते उचलून ‘नंतर बघू’त टाकलं, ‘चहाचं मशीन बदलणे’च्या खाली. वर हसरा चेहरा चिकटवला!

डोक्यात तिडीक गेली. फाडावं, तर कार्ड कागदाचंही नाही. मग माझ्या नऊच्या नऊ कार्डांवरून माझा फोटो काढून टाकला आणि घरी यायचं तिकीट काढलं. साहेब ओरडले, “ही कामं कोण करणार?”

म्हटलं, “नंतर बघू.”

नोकरीची काळजी करू नका, ती मी करतेय.

आणि राग तुमच्यावरही आहे. दोन वर्षं ‘नंतर बघू’ म्हणत हे ऑपरेशन कुणी लांबवलं? आई ड्रॉप्स घालते ना वेळेवर?

बुधवारी संध्याकाळी पोचते. दाराची कडी काढून ठेवा. चाचपडत उघडायला आलात, तर याद राखा.

तुमचीच तापट,
धाकटी