रेती म्हणजे कानस

परदेशीपुरा, इंदूर
एप्रिल १९९९

प्रिय दिवाकर,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, आत राखी नाही. बातम्या साठल्या आहेत, आज रविवार आहे आणि बंडू बायकोमुलांना घेऊन भोपाळला राहायला गेल्यापासून मला ‘ताई, चहा’ म्हणत मध्येच उठवणारं घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं होतं. नाशिकच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊन तुला घरी बसवलं, हे तू हवापाण्याची खबर द्यावी तसं एका ओळीत उरकलं होतंस. मला राग आला, म्हणून उत्तर दिलं नाही. आता राग गेला आहे आणि काम निघालं आहे.

मिल बंद झाल्यावर मी राऊच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये स्टोअर सांभाळायला लागले, ते तुला माहीत आहेच. सकाळी भंवरकुआंपर्यंत एक टेम्पो, तिथून राऊला दुसरा. भंवरकुआंला आता जिकडे बघावं तिकडे कोचिंग क्लासचे बोर्ड. ज्यांचे बाप आपल्या कापडमिलमध्ये साचे चालवायचे, त्यांची मुलं तिथे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी घोकत असतात. घोकू देत, चांगलंच आहे. पण ज्यांना हाताने काम शिकायचं आहे त्यांच्यासाठी आमच्याकडे फिटरचा वर्ग आहे, आणि तोच आता बंद पडायच्या बेतात आहे. फिटिंगचे मास्तर रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मुलं फळ्यावरची चित्रं बघून फिटर होतात, परीक्षेत बरोबर उत्तरावर खूण करतात आणि लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट घेऊन पीथमपूरच्या कारखान्यांच्या गेटवर उभी राहतात. तिथे हातात लोखंडाचा तुकडा दिला की घाम फुटतो. ट्रस्टचे अध्यक्ष दिनानाथजी यांनी आता सांगून टाकलंय, जुलैच्या बॅचपर्यंत बेंचवर शिकवणारा माणूस आणा, नाही तर त्या हॉलमध्ये कम्प्युटर बसतील. माणूस वाईट नाही. “मंजुषाजी, क्या करें, जमाना बदल गया,” असं म्हणताना त्यांचाच चेहरा उतरतो.

जमाना बदलला म्हणून लोखंड मऊ झालंय का, असं मी त्यांना विचारणार होते. नाही विचारलं. शहाणी झालेय मी.

तुला आपली टूलरूमची खिडकी आठवते ना? बाबा गेल्यावर मिलने मला त्यांच्या जागी घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की पोरगी चार दिवसांत रडत घरी जाईल. कामगाराचा पितळी बिल्ला घ्यायचा, खुंटीला अडकवायचा, हत्यार द्यायचं. परत आलं की धार बघायची, दात बघायचे, मग बिल्ला परत. कोणी बोथट करून आणलं तर मी खिडकीतूनच अशी झाडायची की सगळं खातं हातातलं काम सोडून ऐकत राहायचं. आणि मग साताऱ्याहून नवीन आलेला तू खिडकीत वाकून म्हणालास, “जरा एक कानस द्या.” मला तो शब्दच ठाऊक नव्हता. आमच्या घरी, मिलमध्ये, अख्ख्या इंदुरात सगळे रेतीच म्हणतात. मला वाटलं हा नवा भिया, कोण कुठला माणूस, माझ्या कानाबद्दल काही बोलतोय. मी खिडकी धाडकन लावली आणि तू बाहेर उन्हात उभाच. शेवटी फोरमनने येऊन समजावलं, “अरे बेटा, रेती माँग रहा है बेचारा.” त्या दिवसापासून मी तुला दिवाकरजी म्हणायला लागले, आणि तू ‘जी’ ऐकलं की मागे वळून बघायचास, कोण मोठा माणूस आलाय म्हणून.

हे आज आठवायचं कारण ऐक. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आशिष नावाचा नवा मॅनेजर आला. नागपूरचा, मराठी, तिशीचा, मनाने सरळ. कोणत्याही कागदाला चार दिवस लावत नाही. मी वर्गासाठी मागणी लिहून दिली, ‘रेती, मोटी आणि बारीक’. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या दारात ट्रक येऊन उभा आणि ड्रायव्हर विचारतोय, “मॅडम, मोटी वाली किधर डालूँ, बारीक वाली किधर?” नागपूरला रेती म्हणजे वाळू, आणि खरं सांगायचं तर इंदुरात घर बांधणाऱ्याला विचारलंस तर तोही वाळूच समजेल. मी धावत बाहेर येईपर्यंत दाराशी अर्धा ढीग झाला होता. आशिष बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल. मग मी हसले, तो हसला, ड्रायव्हर हसला, आणि सगळ्या मुलांनी मिळून तो ढीग फावड्याने मागच्या भिंतीशी लोटला. आशिष त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये आला, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, रेती हे काय प्रकरण असतं ते मला हातात धरून दाखवा. तेव्हापासून तो माझ्या बाजूचा आहे.

पुढच्या आठवड्यात त्याने खरोखरीच्या कानशी आणवल्या. चकचकीत, रंगीत खोक्यातून आलेल्या, बाहेरच्या कुठल्या देशातल्या. आता बाजारात असलाच माल भरलाय, दुकानदार म्हणतो, बहनजी, यही चल रहा है. मी एक उचलली, दातांवरून अंगठा फिरवला आणि समजले. सकाळी जी कानस लोखंड खात होती ती जेवणाच्या सुट्टीनंतर नुसती घसरायला लागली. सोबत आलेल्या हातोड्यांची डोकी दांड्यावर डुलायची. पण मला खरी चीड याची आली नाही, दिवाकर. मुलांमध्ये एक मुलगी आहे, शिवांगी, राऊचीच. ती घासून घासून दमली, हाताला फोड आले, तरी तुकडा सपाट होईना. डोळे पुसत मला म्हणाली, “मॅडम, मेरे हाथ में ही खोट है.” भिकार हत्याराने असं होतं बघ. जाणत्या माणसाला कळतं की दोष हत्याराचा आहे. शिकाऊ पोराला वाटतं की दोष माझा. ते पोर एकदा घरी गेलं की परत बेंचपाशी येत नाही, आणि मग आपण म्हणतो हल्लीच्या मुलांना हाताने काम करायला नको.

म्हणून मी एक काम तुला न विचारता केलं. इंदूर सोडून जाताना ‘प्रवासात जड होतील’ म्हणून तू ज्या कानशी माझ्याकडे ठेवून गेलास, त्या मी वर्गात नेल्या. काळजी करू नकोस. इतकी वर्षं मी प्रत्येक कानस जुन्या साडीच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती, एकमेकींवर घासून दात जाऊ नयेत म्हणून. एकीवरही गंज नाही. शिवांगीला तुझी ती लांब सपाट कानस दिली. तू करायचास तसा आधी दातांवर खडू चोळायला लावला. पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची, आणि आवाज ऐकायचा. तीन दिवस ती नुसती घासत राहिली. चौथ्या दिवशी तुकडा घेऊन खिडकीपाशी गेली, त्यावर काटकोनी पट्टीचा गुण्या धरला आणि डोळा लावून बघत राहिली. फटीतून उजेड दिसत नव्हता. तिने मला हाक मारली नाही, सरळ आशिषच्या ऑफिसात गेली आणि तुकडा त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, “सर, देखो.” तोच तुकडा घेऊन आशिष दिनानाथजींकडे गेला, म्हणून तर आम्हाला जुलैपर्यंतची मुदत मिळाली. दुकानदाराकडून आलेला सगळा माल मी परत करायला लावला आणि यापुढे माझ्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय एकही हत्यार आत येणार नाही, हे लेखी घेतलं. हो, घेतलंच!

पण मी किती पुरणार? सपाट घासायला मी शिकवते, चांगलं शिकवते. दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की जोड बोटाला लागू नये, हे मी फक्त खिडकीतून बघितलंय. ते करताना मी ज्याला बघितलं तो नाशिकमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत बसलाय. हे मला कसं कळलं? इथे तुकोगंजमध्ये दातांच्या डॉक्टरकडे तुझ्या मनोरमावहिनी भेटल्या. तोंडात कापूस होता, तरी अर्धा तास बोलल्या. भाऊजींनी अजून स्वतःच्या लग्नाचं काही बघितलं नाही, संध्याकाळी एकटेच गोदावरीवर जाऊन बसतात, हेही त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. बरं, एकदा विचारलं.

संस्थेला मास्तर हवा आहे हे खरं. पण त्यासाठी लेटरहेडवर चार ओळी पुरल्या असत्या, आणि त्या आशिषने टाइप करून ठेवल्याही आहेत. उद्या वेगळ्या पाकिटातून निघतील. त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. हे पत्र माझं आहे. मिलला टाळं लागलं त्या उन्हाळ्यात तू मला विचारलं होतंस, माझ्याबरोबर येतेस का, आणि मी अंथरुणावरच्या आईकडे बोट दाखवलं होतं. ते कारण खरं होतं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. आई गेल्या श्रावणात गेली. शेवटपर्यंत मी तिचं केलं आणि मनासारखं केलं. आता मी मोकळी आहे, म्हणून या वेळी मी विचारते, माझ्याशी लग्न करशील का? पंचेचाळिशी उलटल्यावर हे काय, म्हणून गल्ली हसेल. गल्लीला हसायला रोज काहीतरी लागतंच. मास्तरकी नको असेल तर नको, घरी बसून मिक्सर दुरुस्त कर, मला चालेल. मला तू हवा आहेस, हे मी आजवर कुठल्याच पत्रात लिहिलं नाही, ते आज लिहिते आहे. हो म्हणायचं असेल तर लिहीत बसू नकोस, गाडीत बस. नाही म्हणायचं असेल तरी गाडीतच बस, आणि माझ्या दारात उभा राहून म्हण. पोस्टाने आलेला नकार मी घेणार नाही.

उत्तर येण्याआधीपासूनच तुझीच,
मंजुषा