मतरूहच्या वाळूवरचा भात

९ ऑगस्ट २०२५, श्रीरामपूर
इजिप्तचं ठरल्यापासून सौ. माझ्याशी मोजकंच बोलते. तिला स्वित्झर्लंड हवं होतं. शेवटचे दोन दिवस मर्सा मतरूह: भूमध्य समुद्र, पांढरी वाळू, रिसॉर्ट. म्हटलं, तिथं तरी निवळेल.
वार्ताहर मी, पण बातमी माझ्याआधी कॅनॉलपलीकडे हौसाबाईंकडे पोचलेली. मुलाच्या, सुभाषच्या, मोटरसायकलवर मागे बसून आल्या.
"गुर्जी, त्या मतरूलाच माझा बा गेला. मोठ्या लढाईत."
बाप पलटणीत गेला तेव्हा या पोटात. 'बेपत्ता' एवढंच कळलं, पुढे काही नाही. आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. कावळा शिवल्याबिगर मेला म्हनायचं न्हाई, हा घरचा कायदा. त्यामुळे पितरांच्या पंधरवड्यात सगळ्या गेलेल्यांना पान, बापाला नाही. जित्या माणसाला पितरांत कसं वाढायचं?
"आता मी ऐंशीच्या म्होरं गेले. माज्यामागं त्याला कोन वाढनार? तितं दर्याला पिंड ठिवा. तुमाला मंत्र येत्यात."
पदराच्या गाठीतून तीळ काढून दिले. हो म्हणालो. पाठशाळेत घोकलेलं कुठेतरी कामी येतंय याचा जरा गर्वच.

२० ऑगस्ट, मतरूह
निळ्या रंगाचे संस्कृत प्रतिशब्द पाठ होते. या पाण्यापुढे सगळे अपुरे.
दुपारी युद्धाचं संग्रहालय, गुहेत. गंजलेली शिरस्त्राणं, बंदुका, भिंतीवर नकाशा. त्यात हिंदी पलटणी म्हणजे एक लाल बाण. हौसाबाईंचे वडील त्या बाणात कुठेतरी. बाहेर पडल्या पडल्या पोहायची रबरी बदकं विकायला. सौ.ने एक घेतलं. नातवासाठी, म्हणे. पाण्यात आपणच बसली.
धोतर आणलंय. उद्या सकाळी.

२१ ऑगस्ट, मतरूह
लिहू नये असं वाटतंय.
न्याहारीच्या टेबलावरून भात उचलला. मोकळा, वळेना. दही घालून वळवला. तीळ घातले. धोतर नेसून लिफ्टपर्यंत गेलो, तिथे आमच्याच ग्रुपमधली मंडळी. "काका, फॅन्सी ड्रेस?" परत फिरलो, अर्धी चड्डी चढवली. म्हटलं, भाव महत्त्वाचा.
वाळूवर छत्र्याच छत्र्या. कोपऱ्यात कागदी रुमालावर तीन पिंड मांडले. कावळा एक नाही, पांढरे समुद्रपक्षी भरपूर. काकतालीय न्यायावर, म्हणजे कावळा बसायला नि फांदी मोडायला यावर, आम्ही वर्गात तास तास वाद घातले. काकच नसेल तर काय, हे कुणी शिकवलं नाही. आचमन करणार तोच रिसॉर्टचा माणूस आला. अत्यंत नम्र. पक्ष्यांना खायला घालू नका. शेजारच्या छत्रीखालच्या बायका वळून बघायला लागल्या. काय आहे हे, त्यानं विचारलं.
मी म्हणालो, ब्रेकफास्ट. आणि खात्री पटावी म्हणून एक पिंड तोंडात टाकला.
तो हसून गेला. उरलेले दोन कचरापेटीत.
मंत्र म्हटला नव्हता, म्हणजे शास्त्रार्थानं तो दहीभातच. असं स्वतःला दिवसभर सांगतोय. स्वतः ऐकत नाही.
संध्याकाळी सुभाषचा व्हिडिओ कॉल. मागे हौसाबाई, डोक्यावर पदर.
"शिवला का वो?"
"शिवला. लगेच शिवला."

३१ ऑगस्ट, श्रीरामपूर
टाळत होतो, आज हौसाबाईंकडे जावंच लागलं. त्यांच्या वडिलांच्या गणवेशातल्या फोटोला हार. पहिलाच. हौसाबाई माझ्या पाया पडल्या. पाय मागे घेतले, तर त्यांना विनय वाटला.
सौ.ला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्यांना सांग." सांगेन म्हणालो. कधी, ते दोघांनीही काढलं नाही.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
खास बोलावणं. खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. पत्र्यावर पानं मांडली. कावळे आले, आजा-आजी, आई, नवरा, सगळ्यांची पानं शिवून गेले. बापाचं तेवढं तसंच.
हौसाबाई हात जोडून एकेक कबूल करू लागल्या. नातीला शिकवीन. सुभाषची दारू सोडवीन. (सुभाष आत निघून गेला.) कावळे लिंबावर बसून बघतायत. शेवटी म्हणाल्या, "बा, हिरीकडला तुकडा दगडूला देते. उद्याच लिवून देते. मंग तर जेव."
दगडू हा त्यांचा चुलतभाऊ. त्या तुकड्यावरून दोन घरांत हयातभर बोलणं नाही. आज सणाला म्हणून आलेला. तो लगेच, "उद्या हापिस उघडंच हाय, आक्का."
सुभाषची निम्मी बागायत त्या विहिरीवर.
"मावशी," मी म्हणालो, "तिकडं कावळा शिवलाच नाही. मी खोटं बोललो."
हौसाबाईंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "मंग भाताचं काय झालं?"
"दोन कचऱ्यात. एक... मी खाल्ला."
दगडू खदाखदा हसला. "बामनानं पिंड खाल्ला व्हय!" मग त्याला तुकडा आठवला. "पर उद्याचं काय, आक्का?"
"बा जित्ता हाय आजून. त्याला इच्यारल्याबिगर जमीन कशी दिऊ?"
आत गेल्या. फोटोचा हार काढून बाहेर आल्या. सुभाषला पत्र्यावरून पान उतरवायला लावलं आणि माझ्यापुढे ठेवलं.
"खा. तुमाला सवय हाय."
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सगळे बघत होते. खाल्लं. कढी गार.

२२ सप्टेंबर
सकाळी सुभाष फाटकातूनच, गाडी बंद न करता: "आई इच्यारती, पासपोर्ट काडायला किती दिस लागत्यात?"
कुणाचा, हे विचारायचं धाडस झालं नाही.