तीन रोडगे, बारा बांगड्या

सुरभीचे बाबा,

ताप लपवून तुमचा फायदा काय झाला, ते मी मोजून पाह्यलं: राळेगावच्या पंगतीतले तीन रोडगे. खरं सांगितलं असतं तर मी जाऊच दिलं नसतं. "काई नाई वं, तुरीच्या धुळीची शिंक हाय," म्हणालात. पण वांग्याच्या भाजीनं सगळ्यांच्या नाकातोंडातून पाणी निघत होतं, अन् तुम्ही एकटेच तिला आळणी म्हणत होते. शंका मला तिथंच आली. काल सुरभीनं तुमचा शर्ट धुवायला काढला, तर खिशात तापाच्या गोळ्यांची पट्टी, चार कमी.

तुमच्याकडून आलेला माझा ताप तीन दिवसांत उतरला, पण जाताना आमवात जागा करून गेला. ताप असेपर्यंत डॉक्टरांनी आमवाताची रविवारची गोळी थांबवली होती, त्यामुळे त्याला मोकळं रानच मिळालं. अक्षर वाकडं आलं, कारण पेन मुठीत धरलाय. रागाचं वेगळं.

सुरभीसोबत यवतमाळला डॉक्टरांकडे चालली. गोळी आता कधी सुरू करायची, ते विचारते. कणीक तुम्हीच मळा, तुमची बोटं वळतात. अन् खोकला अजून आहे का, ते या वेळी खरं सांगा.

सकाळी मनगटं इतकी सुजली, की सुरभीनं माझ्या बांगड्या वाढवल्या. फोडल्या म्हणत नाही, तुम्ही आहात अजून. रोडगे तुम्ही खाल्ले तीन. बांगड्या माझ्या गेल्या, बाराच्या बारा.